शनवारी थांबणारा घाणा: शब्बाथ आणि माणसाची घडण

आठवड्यातून एक दिवस सगळे काम नेमाने थांबवले तर माणसाचा स्वभाव घडतो का? की स्वभाव आधीच घडलेला असतो, आणि ज्याला थांबणे जमते तोच असा दिवस पाळतो? ज्यू परंपरेत अशा दिवसाला शब्बाथ म्हणतात आणि या प्रश्नावर तिथे दोन हजार वर्षांपासून विचार होत आला आहे. अलीकडे मानसशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञही त्यात उतरले आहेत. हा लेख त्या चर्चेचा आढावा आहे.

उमरखेडच्या वाचकाला शब्बाथ हा विषय दूरचा वाटेल. कापूस, सोयाबीन, हळद आणि ऊस यांच्या हंगामावर चालणाऱ्या तालुक्यात आठवड्याचे गणित बाजाराच्या दिवसावर बसते. पण शब्बाथ पाळणारा एक मराठी बोलणारा समाज कोकणात पिढ्यान्‌पिढ्या नांदला आणि शेजाऱ्यांनी त्याला ओळखले ते याच दिवसावरून. त्यामुळे हा प्रश्न आपल्या भाषेत आधीच येऊन राहिलेला आहे.

दिवसाची रचना

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर संपतो. सुमारे २५ तासांचा हा काळ. ज्यू धर्मग्रंथ तोरामध्ये दहा आज्ञा दोन ठिकाणी येतात आणि दोन्हीकडे या दिवसाचे कारण वेगळे दिले आहे. निर्गम ग्रंथ म्हणतो, देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून माणसानेही थांबावे. अनुवाद ग्रंथ मिसरातल्या गुलामगिरीची आठवण देतो: तुम्ही दास होता, तेव्हा तुमच्या दास-दासींनाही विसावा मिळाला पाहिजे. विसाव्याच्या यादीत मुलगा-मुलगी, नोकर, परका पाहुणा यांच्याबरोबर बैल आणि गाढवही आहेत. पुढच्या सगळ्या वादाची बीजे या दोन कारणांत आहेत. एक कारण माणसाला देवापुढे उभे करते, दुसरे त्याच्या हाताखालच्या माणसापुढे.

काम म्हणजे काय, हे मिश्ना या ग्रंथाने ३९ प्रकारांत बांधून दिले. नांगरणे, पेरणे, कापणी, मळणी, दळणे, कणीक मळणे, भाजणे, शिवणे, लिहिणे, बांधणे, विस्तव पेटवणे, विझवणे, घरातली वस्तू सार्वजनिक रस्त्यावर नेणे, असे हे प्रकार आहेत. कष्ट किती पडतात हा निकष इथे नाही. घरात जड खाट इकडची तिकडे सरकवली तर चालेल, पण दोन अक्षरे लिहिणे चालणार नाही. वस्तूवर माणसाने आपली सत्ता चालवून तिला नवे रूप देणे, ते त्या दिवशी बंद. जीव वाचवायचा असेल तर मात्र जवळजवळ सगळे नियम बाजूला ठेवायचे. मायमोनिडीझ या बाराव्या शतकातल्या आचार्याने बजावून ठेवले आहे की अशा वेळी चालढकल करू नये आणि हे काम जाणत्या, थोर माणसांनी स्वतः पुढे होऊन करावे.

बंदी ही अर्धीच बाजू. शुक्रवारी दुपारपर्यंत स्वयंपाक उरकणे, घर झाडून-पुसून घेणे, अंघोळी, चांगले कपडे, दिवा लावणे, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देणे, एकत्र जेवण, वाचन, पाहुणा, झोप हे सगळे त्या दिवसाचे अंग आहे. घरातली तयारी झाली का, हे शुक्रवारी संध्याकाळी मऊ शब्दांत विचारावे, अशी ताकीद तालमूद या धर्मग्रंथात आहे, म्हणजे घरचे ऐकतील. घाईच्या वेळीच जीभ सुटते, हे त्या आचार्यांना नीट ठाऊक होते. पुढे काही भाष्यकारांनी विस्तव न पेटवण्याच्या आज्ञेचा विस्तार करून रागाचा विस्तवही त्या दिवशी घरात पेटू देऊ नये असे शिकवले. स्वभावाचा प्रश्न शब्बाथच्या चर्चेत बाहेरून आणलेला नाही, हे यावरून दिसावे.

कोकणातला शब्बाथ

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेल्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला, मराठी बोली उचलली, गावांवरून आडनावे घेतली: केहिमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, झिराडकर, अष्टमकर. ही घटना कोणत्या शतकातली, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. एवढे मात्र पक्के, की बाहेरच्या ज्यू जगाशी गाठ पडली तेव्हा या समाजाजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते. सुंता होती, खाण्यापिण्याचे काही नियम होते, ‘शेमा’ ही प्रार्थना होती आणि शनिवार होता.

शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून ते शनवार तेली. कोकणात सोमवारी घाणा न जुंपणारे हिंदू तेलीही होते, त्यांना सोमवार तेली म्हणत. सोमवार शंकराचा, आणि घाण्याला तर नंदीच जुंपलेला. म्हणजे शेजाऱ्यांच्या नजरेत आठवड्यातून एक दिवस थांबणे ही विचित्र गोष्ट नव्हती. वार तेवढा निराळा. एका गावात दोन घाणे दोन वेगळ्या दिवशी थांबत होते आणि बैलाला दोन्हीकडे विसावा होता. शब्बाथच्या शास्त्रात पिळून रस किंवा तेल काढणे हे मळणीच्या वर्गातले निषिद्ध काम आहे. कोकणातल्या तेल्याला हे वर्गीकरण माहीत असण्याची शक्यता नव्हती. घाणा त्याने तरीही थांबवला.

ग्रंथ, गुरू आणि न्यायसभा यांतले काही जवळ नसताना एवढा एक नेम टिकावा, ही या चर्चेतली फार मोलाची नोंद आहे. युरोपातल्या पंडितांनी शब्बाथवर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. पण ग्रंथाशिवाय शब्बाथ काय करतो हे पाहायचे तर नवगाव-किहीमकडे वळावे लागते. नेम आधी टिकला आणि अर्थ मागाहून परत मिळाला. दाविद राहाबी नावाच्या ज्यू विद्वानाने या लोकांना ओळखले, असे परंपरा सांगते. तिथल्या स्त्रियांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले, ही त्याने घेतलेली परीक्षा. त्याच्या काळाबद्दल वाद आहे. बरेच अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. त्याने तीन घराण्यांतल्या पुरुषांना धर्मविधी शिकवले आणि पुढे हेच काजी झाले.

त्यानंतरची वाटचाल वेगाची आहे. कंपनी सरकारच्या फौजेत गेलेल्या सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, बांधले. टिपूच्या कैदेतून सुटल्याची ती कृतज्ञता होती, असे सांगतात. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे इथे एकोणिसाव्या शतकात सिनेगॉग उभी राहिली. त्यांचा कारभार मुकादम आणि चौगुले पाहत, नावे सगळी आपल्या गावगाड्यातली. कोचीनहून शिक्षक आले. मिशनऱ्यांनी मराठीत बायबल आणले आणि जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत उतरवल्या. १८८० च्या सुमारास तर बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी बायबलातल्या कथांवर कीर्तने सुरू केली. शब्बाथचे शास्त्र समाजाला मिळाले ते मराठीतून.

नेमका याच काळात शनिवार निसटू लागला. घाणा स्वतःच्या मालकीचा होता तोवर तो कधी थांबवायचा हे तेली ठरवत होता. फौजेत, रेल्वेत, सरकारी कचेरीत, गिरणीत सुट्टी रविवारची. मुंबईला आलेल्या बेने इस्राएल कारकुनाला शनिवार पाळायचा तर नोकरी सोडावी लागली असती. अनेकांनी शनिवारी काम केले. शुक्रवारची संध्याकाळ मात्र घरात राहिली: तेलाचा दिवा, काळ्या मनुकांच्या सरबतावरचा आशीर्वाद, आणि मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून नारळाच्या रसातले कालवण. दिवा लावण्याचा मान आणि भार घरच्या बाईचा. शब्बाथ बाजारातून उठला आणि स्वयंपाकघराच्या आधाराने उभा राहिला असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला धरून आहे. वर्षातून एक दिवस कडेकोट पाळला जाई तो दारफळणीचा. त्या प्रायश्चित्ताच्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारे लावून, कडक उपास करून समाज बाहेरच्या व्यवहारापासून पूर्ण अलग होई.

हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ मध्ये या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो ग्रंथ छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. १९४८ नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तिथे शनिवार ही देशाचीच सुट्टी. कोकणात चालत्या बाजारात एकट्याने थांबणाऱ्याची नातवंडे आता सगळा गाव थांबलेला असताना थांबतात. या फरकाकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

घडण होते, असे मानणारे

या बाजूचा जुना साक्षीदार म्हणजे पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो. रोमन लोक ज्यूंना आळशी म्हणत. रोमन तत्त्वज्ञ सेनेका तर म्हणे की सातवा दिवस रिकामा घालवून ही माणसे आयुष्याचा सातवा हिस्सा वाया घालवतात. फिलोचे उत्तर असे की सातव्या दिवशी शरीर थांबते, पण शहरोशहरी सद्गुणांच्या शाळा उघडतात. लोक जमतात, ऐकतात, विवेक, संयम, धैर्य आणि न्याय शिकतात. शब्बाथचा चारित्र्याशी संबंध इतक्या स्पष्टपणे सांगणारी ही जुनी मांडणी.

मध्ययुगात हा विचार सवयीच्या अंगाने गेला. मायमोनिडीझच्या मते स्वभाव कृतीच्या पुनरावृत्तीने बनतो. एकदा मोठे दान देण्यापेक्षा तेवढीच रक्कम थोडी थोडी करून अनेकदा देणे बरे, कारण हाताला देण्याची सवय लागते. तेराव्या शतकातला ‘सेफेर हाखिनुख’ हा ग्रंथही हेच सूत्र धरतो: मन कृतीच्या मागून जाते. असे पाहिले तर वर्षाला बावन्न वेळा हातातले काम अर्धे सोडणे, पैशाचा विषय तोंडी न आणणे, घरच्यांसोबत जेवायला बसणे ही मोठीच तालीम ठरते. हातातले काम अर्धे सोडणे यातली फार अवघड गोष्ट आहे. काम संपले म्हणून माणूस थांबत नाही, वेळ झाली म्हणून थांबतो. आपल्यावाचून जग एक दिवस चालते, हे त्याला आठवड्याच्या आठवड्याला कबूल करावे लागते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या सॅमसन राफाएल हर्श यांनी शब्बाथचा अर्थ इथेच ठेवला: सृष्टीवरची आपली मालकी माणसाने दर आठवड्याला मूळ धन्याच्या हाती परत देणे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा विचार धर्माच्या चौकटीबाहेर पडला. ज्यू विचारवंत अहाद हा-आम यांनी १८९८ मध्ये लिहिले की ज्यूंनी शब्बाथ राखला त्याहून अधिक शब्बाथने ज्यूंना राखले. ते स्वतः जुन्या अर्थाने कर्मठ नव्हते. त्यांना दिसत होती ती समाजाची घडण. मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी १९५१ मध्ये शब्बाथकडे माणूस आणि निसर्ग यांच्यातला तह म्हणून पाहिले: एक दिवस माणूस निसर्गात ढवळाढवळ करत नाही, त्यामुळे भीती आणि हाव दोन्ही सैल होतात. त्याच वर्षी अब्राहम जोशुआ हेशेल यांचे ‘द सब्बाथ’ आले. माणूस जागा आणि वस्तू ताब्यात घेण्यात आयुष्य घालवतो, शब्बाथ त्याला काळाशी नाते जोडायला शिकवतो, ही त्यांची मांडणी आजही खूप उद्धृत होते.

या सगळ्यांचा सूर एक असला तरी आतला भेद मोठा आहे. तालमूदमधली शम्माय आणि हिल्लेल या दोन आचार्यांची गोष्ट तो चांगला दाखवते. शम्मायला बाजारात चांगले जनावर दिसले की तो ते शब्बाथसाठी राखी. पुढे त्याहून चांगले मिळाले तर पहिले खाऊन टाकी आणि दुसरे राखी. त्याचा सगळा आठवडा शनिवारकडे तोंड करून चाले. हिल्लेल आजच्या दिवसाचे आज खाई आणि शनिवारचे शनिवारी मिळेल असा भरवसा ठेवी. एकाच आज्ञेतून एकाच्या अंगी शिस्त आणि राखून ठेवण्याची वृत्ती आली, दुसऱ्याच्या अंगी निश्चिंती. परंपरेने दोघांनाही थोर मानले. शब्बाथ कोणता स्वभाव घडवतो, असे एकवचनात विचारणे इथेच अडचणीचे होते.

शंका घेणारे

शंका आधी घरातूनच आली. आमोस संदेष्ट्याने ज्या व्यापाऱ्यांना झोडपले ते शब्बाथ पाळणारेच होते. दिवस कधी संपतो आणि खोटी मापे घेऊन आपण धान्य विकायला कधी बसतो, याची ते वाट पाहत. दुकान बंद, मन उघडे. यशयानेही अन्यायाने माखलेल्या हातांचे सण आणि शब्बाथ देवाला नकोसे झाल्याचे सांगितले. येशूचा परुशी या ज्यू पंथाशी वाद झाला तोही याच रेषेवर: दिवस माणसासाठी की माणूस दिवसासाठी. तिथल्या ज्यू धर्मगुरूंनीही जीव वाचवण्याला अग्रक्रम दिला होता, हे मात्र मराठीतल्या ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही लेखनात बहुधा सुटते.

दुसरी शंका सर्वस्वी वेगळी आहे आणि ती येशायाहू लाइबोविट्झ या कट्टर नेमनिष्ठ इस्राएली विचारवंताने घेतली. त्यांच्या मते शब्बाथने माणूस शांत होतो, कुटुंब जुळते, स्वभाव सुधारतो असली समर्थने धर्माची जागा चुकवतात. आज्ञा ही देवाची सेवा. ती लाभासाठी पाळली तर माणूस स्वतःचीच सेवा करतो. स्वभाव सुधारण्यासाठी पाळलेला दिवस शब्बाथ उरतच नाही. ही भूमिका पटो न पटो, ती एक खरी अडचण दाखवते: चारित्र्य घडवण्याच्या हेतूने हा नेम केला तर तो तितका काम करत नसावा. आपल्याकडे वजन घटवायला एकादशी धरणाऱ्याची एकादशी फार दिवस टिकत नाही, तसेच हे.

तिसरी शंका सामाजिक आहे. विसावा नेमका कोणाला? शुक्रवारचा सगळा घाम घरातल्या बाईचा, आणि शनिवारचा आराम सर्वांचा. आज्ञेच्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव सगळे आहेत. पत्नीचे नाव वेगळे नाही. जुने भाष्यकार म्हणतात की ‘तू’ या संबोधनात तीही आली. ज्यू स्त्रीवादी लेखिकांनी यावर दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. काहींना शुक्रवारचा ताण अन्याय वाटतो, तर काहींना वाटते की निदान एक दिवस चूल बंद ठेवण्याचा धर्मसिद्ध हक्क बाईला इतक्या जुन्या काळी दुसऱ्या कोणी दिला नव्हता.

आणि कोकणचाच दाखला घ्यायचा तर तो अवघड आहे. बेने इस्राएलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. एकाच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करणाऱ्या, एकच शनिवार पाळणाऱ्या लोकांमध्ये रोटी-बेटीचा अडसर होता. मुंबईत आलेल्या बगदादी ज्यूंनी बेने इस्राएलांपासून दफनभूमीतही अंतर मागितले. पुढे इस्राएलमध्ये तिथल्या धर्मपीठाने या समाजाच्या विवाहांवर शंका घेतली. त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव करावा लागला. शंका घेणारे शब्बाथ काटेकोर पाळणारेच होते. चिकाटी, आत्मसंयम, घरातला ओलावा हे गुण या दिवसाने येत असतील. परक्याला जवळ करण्याचा गुण त्याच्याबरोबर आपोआप येत नाही, एवढे या इतिहासावरून म्हणता येते.

संशोधन काय सांगते

थेट या प्रश्नावरचे संशोधन थोडे आहे. सायमन डीन आणि केट लोवेन्थाल यांनी २०१३ मध्ये कर्मठ ज्यू स्त्री-पुरुषांच्या सविस्तर मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांनी विसावा, नात्यांची जवळीक, विचाराला मिळणारी मोकळीक यांचा उल्लेख केला. सोबत तयारीचा ताण आणि कामात मन न गुंतल्याने उसळणाऱ्या चिंताही सांगितल्या. ही दुसरी बाजू नवी नाही. शांडोर फेरेन्त्सी या मनोविश्लेषकाने १९१९ मध्येच रविवारच्या सुट्टीला उफाळणाऱ्या मनोविकारांवर लिहिले होते. थांबल्यावर माणसाला स्वतःची गाठ घ्यावी लागते, आणि ती सर्वांना सुखाची होत नाही.

आडून येणारा पुरावा जास्त बोलका आहे. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. व्याख्यान द्यायला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या वाटेत कण्हणारा माणूस ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले, फार घाई असलेल्यांपैकी १० टक्के. काहींच्या व्याख्यानाचा विषय तर वाटेत पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन्याचा दृष्टांत हाच होता, त्यानेही फारसा फरक पडला नाही. ज्युडिथ शुलेविट्झ यांनी शब्बाथवरच्या आपल्या २०१० च्या पुस्तकात हा प्रयोग पुढे आणला: चांगुलपणाला सवड लागते, आणि शब्बाथ ती सवड राखून ठेवतो. मुद्दा वजनदार आहे. पण प्रयोगातली घाई त्या क्षणाची होती. शनिवारी मिळालेली सवड बुधवारच्या घाईत किती पुरते, ते या प्रयोगातून कळत नाही.

ग्रुबर आणि हंगरमन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या रविवार-बंदच्या कायद्यांकडे पाहिले. ज्या राज्यांत रविवारी दुकाने उघडी ठेवण्याची मुभा मिळाली तिथे चर्चमधली हजेरी आणि देणग्या घटल्या, आणि आधी नियमित चर्चला जाणाऱ्यांत दारू आणि अमली पदार्थांचे सेवन वाढल्याचे आढळले. हा अभ्यास ख्रिस्ती रविवारचा आहे, शब्बाथचा नाही. तरी त्यातून दिसते की बाजार उघडला की भक्कम वाटणारा नेमही ढिला पडतो. मुंबईच्या बेने इस्राएल कारकुनाचे जे झाले त्याला हे जुळते.

आत्मसंयम स्नायूसारखा वापरल्याने थकतो आणि सरावाने बळकट होतो, असा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांच्या १९९८ च्या प्रयोगांपासून लोकप्रिय झाला होता. शब्बाथच्या बाजूने बोलणारे त्याचा आधार घेत. २०१६ मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी मिळून त्यातल्या थकण्याच्या मूळ परिणामाची फेरतपासणी केली, तेव्हा तो जवळपास दिसलाच नाही. त्यामुळे या आधारावर फार भार टाकू नये.

सर्वांत मोठी अडचण निवडीची आहे. शब्बाथ पाळणारा माणूस शब्बाथबरोबर कुटुंब, शेजार, शाळा, श्रद्धा असे सगळे घेऊन येतो. त्यातून एक दिवस वेगळा काढून त्याचा परिणाम मोजणे जवळपास अशक्य आहे. चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना वीस वर्षे शब्बाथ पाळायला लावता येत नाही.

आपल्याकडचे थांबे

मराठी मुलखात थांबण्याच्या रीती अनेक आहेत आणि प्रत्येकीत शब्बाथचा एखादा धागा सापडतो. पोळ्याला बैलाच्या खांद्यावरून जू उतरते, आदल्या दिवशी खांदमळणी होते. पण ते वर्षातून एकदा. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात अनेक गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी मजूर शेतावर जात नाहीत, आठवड्याचा चुकारा त्याच दिवशी होतो. इथे विसावा आणि खरेदी-विक्री हातात हात घालून येतात. शब्बाथमध्ये नेमकी खरेदी-विक्रीच बंद. विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांतून रविवारी विहारात वंदना होते, मशिदींत शुक्रवारी जुम्मा. तिथे आठवड्याचा सामुदायिक ठेका आहे, कामबंदीचा नेम नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला गांधीजींनी सोमवारचे मौन चालू ठेवले. तो एकट्याचा नेम होता, आणि स्वभावावर काम करण्याचा उघड हेतू त्यात होता.

शब्बाथच्या दुसऱ्या कारणाशी, म्हणजे दासाच्या विसाव्याशी, सख्खे नाते सांगणारी आपल्याकडची घटना वेगळीच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार खंडोबाचा वार, हा त्यांच्या मांडणीतला एक आधार. एप्रिल १८९० मध्ये हजारो कामगारांची सभा झाली, त्यात स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० पासून गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. पुढे ती १९४८ च्या कारखाना कायद्यातही आली. लोखंड्यांनी कामगाराला थांबण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी मालकाला गिरणी थांबवायला लावले.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न कोकण आणि इस्राएल यांच्यातला. इस्राएलच्या १९५१ च्या कायद्याने आठवड्याला किमान ३६ तास सलग विसावा ठरवून दिला आहे आणि ज्यूंसाठी त्यात शब्बाथ येतो. बहुतेक शहरांत त्या दिवशी बस नसते. सगळेच थांबलेले असताना थांबण्याने संयम घडतो का? एका बाजूचे म्हणतात, कायद्याची सक्ती गुणाला मारते. दुसऱ्या बाजूचे विचारतात, कायदा नसेल तर गरीब नोकराला शनिवार परवडेल का? मुंबईच्या कारकुनाचा अनुभव दुसऱ्या बाजूला बळ देतो, नवगावच्या तेल्याचा पहिलीला. फरक मालकीचा आहे: घाणा तेल्याचा होता, कचेरी कारकुनाची नव्हती.

दुसरा प्रश्न अर्थाचा. ग्रंथ हरवूनही नेम टिकला, म्हणजे कृतीच पुरेशी आहे असे काहींना वाटते. पण बेने इस्राएलांनी शब्बाथचे शास्त्र मिळताच ते किती आवडीने मराठीत आणले, हे पाहता नुसत्या कृतीवर समाज समाधानी नव्हता हेही खरे. तिसरा प्रश्न अजून कोणी नीट हाताळलेला नाही: दिवस पाळणाऱ्या घरातल्या मुलांच्या आणि नोकरांच्या स्वभावावर काय परिणाम होतो? सगळी चर्चा घरधन्याच्या आत्म्याभोवती फिरते.

मला या आढाव्यातून जे दिसते ते सांगतो. शब्बाथने माणूस चांगला होतो, हे सिद्ध झालेले नाही. नेमाने थांबणाऱ्याला चिकाटी आणि सवड मिळते, हे बरेचसे पटण्याजोगे आहे. आणि या आज्ञेची खरी कसोटी विसावा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या स्वभावाची आहे. दास, परका आणि बैल यांची नावे तिच्यात आली आहेत ती सजावटीसाठी नाहीत.

आपल्या तालुक्यात ही कसोटी रोज हाताशी आहे. पाडव्याला ठरलेला सालगडी वर्षभर बांधलेला असतो आणि त्याची गैरहजेरी खाडा म्हणून मांडली जाते. ऊसतोड टोळीला हंगामभर आठवड्याचा वार नसतो. कारखान्याच्या आतल्या कामगाराला जो कायदा सुट्टी देतो तो उसाच्या फडापर्यंत पोचत नाही. येत्या पाडव्याला साल ठरवताना आठवड्याचा एक पगारी, खाड्याविना दिवस करारात लिहून घालावा, अशी उमरखेड परिसरातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माझी विनंती आहे. वार कोणता, ते गड्यालाच ठरवू द्यावे.